दुखत नाही म्हणून थांबू नका: स्तनांची तपासणी कधी, कुठे, कशी

स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, आणि घात होतो तो तिथेच. दाढ दुखली की माणूस त्याच दिवशी दवाखाना गाठतो. न दुखणारी गाठ आंघोळ करताना हाताला लागते आणि मग "गणपती होऊन जाऊ देत", "मुलाची बारावी आटोपली की बघू", "मे महिन्यात गावाहून आले की दाखवते" असं म्हणता म्हणता सहा महिने निघून जातात. मुंबईत तपासणीची सोय नाही, असं कुणालाच म्हणता येणार नाही. वेळ जातो तो घरात आणि पहिल्या दवाखान्यात. म्हणून काय करायचं, कोणत्या क्रमाने करायचं आणि कुठे फसायला होतं, ते इथे नीट मांडलं आहे.

वेळेने किती फरक पडतो? राष्ट्रीय कर्करोग नोंदणीतल्या रुग्णांचा पाठपुरावा केल्यावर असं दिसलं की आजार स्तनापुरताच असताना सापडला तर पाच वर्षांनी १०० पैकी ८१ जणी हयात असतात. काखेतल्या गाठींपर्यंत पोचल्यावर सापडला तर सुमारे ६५. हाडं, फुप्फुसं किंवा यकृतापर्यंत पसरल्यावर सापडला तर १८. लवकर सापडलेल्या आजाराचे उपचारही सोसण्यासारखे असतात. बऱ्याच जणींचा स्तन वाचतो, गाठीपुरतीच शस्त्रक्रिया होते. काहींना केमो लागतच नाही, रजा कमी लागते, खर्चही आटोक्यात राहतो. देशात २०२२ मध्ये अंदाजे १ लाख ९२ हजार बायकांना हा आजार नव्याने झाला आणि सुमारे ९८ हजार जणी दगावल्या. यातले कितीतरी मृत्यू केवळ उशिरामुळे झालेले असतात, ही गोष्ट आम्हाला फार लागते.

पुढे वाचण्याआधी एक फरक लक्षात घ्या. काहीही त्रास नसताना ठरलेल्या वयात, ठरलेल्या अंतराने करायची ती नियमित तपासणी. गाठ, खळी, स्राव असं काही दिसल्यावर करायचा तो तपास. तपास लगेच करायचा असतो आणि त्याला वयाची अट नसते. २८ वर्षांच्या मुलीला गाठ लागली तर "मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) चाळिशीनंतर करतात ना" म्हणून तिला थांबवणं ही मोठी चूक आहे.

कुणी, कधी

सरकारी आरोग्य कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक बाईची स्तनतपासणी, म्हणजे प्रशिक्षित हातांनी केलेली तपासणी, दर पाच वर्षांनी व्हावी असं ठरलेलं आहे. पाच वर्षं हे अंतर एवढ्या मोठ्या लोकसंख्येला यंत्रणा पुरी पडावी म्हणून धरलेलं आहे. ज्यांना जमतं त्यांनी तिशीत दर दोन-तीन वर्षांनी आणि चाळिशीनंतर दरवर्षी डॉक्टरांकडून तपासून घ्यावं, असं आमचं मत आहे.

मॅमोग्राफी चाळिशीनंतर. आपल्याकडे सरसकट सगळ्यांना बोलावून मॅमोग्राफी करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम नाही, त्यामुळे तारीख आपली आपणच ठरवायची. ४० ते ७४ या वयात दर दोन वर्षांनी एकदा हा सोपा हिशेब. पाळी चालू असेपर्यंत काही तज्ज्ञ दरवर्षी करायला सांगतात, तेही योग्यच आहे. ५० ते ६९ या वयात मॅमोग्राफीचा फायदा सर्वांत स्पष्ट दिसतो, त्या वर्षांत ती अजिबात चुकवू नये. चाळिशीच्या आत सरसकट करत नाहीत, कारण तरुण स्तनात चरबी कमी आणि ग्रंथींचा भाग जास्त असतो. तो भागही एक्स-रेवर पांढरा दिसतो आणि गाठही पांढरीच, म्हणून गाठ त्यात हरवते.

आई, सख्खी बहीण किंवा मुलीला हा आजार झाला असेल, तोही पन्नाशीच्या आत, तर वरचं वेळापत्रक तुमच्यासाठी नाही. साधारण नियम असा, की नातेवाइकाला ज्या वयात आजार सापडला त्याच्या दहा वर्षं आधी तपासण्या सुरू करायच्या. बहिणीला ४४ व्या वर्षी सापडला असेल तर तुम्ही ३४ व्या वर्षी. घरात अंडाशयाचा कर्करोग झालेला असेल, एकापेक्षा जास्त जणींना स्तनाचा झालेला असेल किंवा एखाद्या पुरुषाला स्तनाचा झालेला असेल, तर बीआरसीए (ज्यातल्या दोषाने या कर्करोगांचा धोका वाढतो त्या) जनुकाच्या तपासणीबद्दल सल्ला घ्यावा. टाटा मेमोरियल सेंटरमध्ये त्यासाठी जनुकीय सल्ल्याची सोय आहे. ही तपासणी आधी शक्यतो आजार झालेल्या व्यक्तीची करतात, म्हणून जाताना तिचे कागद सोबत न्या. वडिलांकडचं घराणंही तितकंच मोजायचं. आत्याला झालेला आजार "तिकडचा" म्हणून सोडून देतात, पण बीआरसीएतला दोष बापाकडूनही येतो.

"आमच्यात कुणाला नाही" हा दिलासा मात्र खरा मानू नका. बहुसंख्य रुग्णांच्या घरात हा आजार आधी कुणालाच झालेला नसतो. मुलांना अंगावर पाजल्याने धोका कमी होतो, संपत नाही. आणि पाश्चात्त्य देशांच्या मानाने आपल्याकडे हा आजार सरासरी दहा वर्षं लवकर दिसतो, चाळिशीतल्या बायका मोठ्या संख्येने सापडतात.

आपला हात, आपली ओळख

दर महिन्याला स्वतःच्या स्तनांची तपासणी केल्याने मृत्यू कमी होतात का, याचा शांघायच्या कापड गिरण्यांतल्या २ लाख ६६ हजार कामगार स्त्रियांवर मोठा अभ्यास झाला. मृत्यू कमी झाले नाहीत, निरुपद्रवी गाठींच्या बायोप्सी (तुकडा काढून तपासणं) मात्र वाढल्या. म्हणून हल्ली "महिन्याला तपासलंच पाहिजे" असा धाक घालत नाहीत. तरीही आपले स्तन नेहमी कसे असतात हे हाताला ठाऊक असणं फार उपयोगाचं आहे, कारण आपल्याकडे बहुतेक गाठी बायकांना स्वतःलाच सापडतात. ओळख असली की बदल कळतो. आणि स्वतः पाहणं ही मॅमोग्राफीची किंवा डॉक्टरांच्या तपासणीची जागा घेत नाही.

दिवस निवडायचा तो पाळी सुरू झाल्यापासून सातवा ते दहावा. पाळीच्या आधीच्या आठवड्यात स्तन फुगतात, दुखतात, जिथे तिथे गाठीगाठी लागतात आणि उगाच घाबरायला होतं. पाळी गेलेल्यांनी महिन्याची एक तारीख धरावी. कॅलेंडरवर दूध आणि गॅसच्या नोंदी असतातच, त्यातच एक खूण करायची.

चाळीत किंवा एका खोलीच्या घरात एकांत मिळणं कठीण, हे माहीत आहे. सगळे कामाला, शाळेला गेल्यावर दाराला कडी लावून पंधरा मिनिटं मिळाली तरी पुरे. तेही जमत नसेल तर हाताने चाचपायचा भाग आंघोळीच्या वेळी साबणाच्या हाताने उभ्यानेच करा, बोटं सहज सरकतात.

आधी आरशासमोर, कमरेपर्यंत कपडे काढून, उजेड समोरून येईल असं उभं राहा. हात खाली सोडून बघा, मग दोन्ही हात डोक्यावर नेऊन, मग कमरेवर ठेवून जोरात दाबून. शेवटच्या स्थितीत छातीचे स्नायू ताणले जातात आणि आतून खेचली गेलेली कातडी खळीसारखी दिसते, एरवी ती दिसत नाही. दोन स्तनांच्या आकारात थोडा फरक बहुतेकींना असतोच. नवा फरक शोधायचा: एका बाजूची कातडी ओढली गेली आहे का, जाड होऊन संत्र्याच्या सालीसारखी बारीक खड्ड्यांची झाली आहे का, निपल आत गेलं आहे का किंवा एका बाजूला वळलं आहे का, निपलवर न बरी होणारी खपली किंवा चट्टा आहे का. लहानपणापासून आत असलेलं निपल ही काळजीची गोष्ट नाही. गेल्या काही महिन्यांत आत गेलेलं निपल मात्र काळजीचं.

मग आडवं व्हा. उजवा स्तन तपासताना उजव्या खांद्याखाली उशी किंवा घडी घातलेली चादर ठेवा आणि उजवा हात डोक्याखाली घ्या. त्यामुळे स्तन छातीवर पसरून पातळ होतो. डाव्या हाताची मधली तीन बोटं वापरायची, टोकं नाहीत, पेरांचा गुबगुबीत भाग. काखेच्या बाजूने सुरू करून वरून खाली, मग शेजारच्या पट्ट्यात खालून वर, असं करत छातीच्या मधल्या हाडापर्यंत यायचं. वर गळ्याच्या हाडापर्यंत, खाली ब्राच्या पट्टीपर्यंत. प्रत्येक जागी रुपयाच्या नाण्याएवढं गोल फिरवायचं आणि तिथेच तीन दाब द्यायचे: हलका, मध्यम आणि बरगडी जाणवेल इतका खोल. शेवटी हात थोडा खाली घेऊन काख, आणि गळ्याच्या हाडाच्या वरचा खळगा. एका बाजूला पाच मिनिटं तरी लागतात.

चुका ठरलेल्या असतात. सगळ्यात जास्त होणारी म्हणजे स्तन अंगठा आणि बोटांच्या चिमटीत धरून दाबणं. असं धरलं की निरोगी ग्रंथीही गाठ वाटते. दुसरी म्हणजे काखेकडचा वरचा कोपरा सोडून देणं. निम्म्याच्या आसपास कर्करोग त्याच वरच्या बाहेरच्या भागात होतात. स्तन मोठे असतील तर बाहेरचा भाग तपासताना किंचित कुशीवर वळा, नाहीतर तो भाग खाली ओघळून हाताला लागतच नाही. आणि निपल पिळून स्राव निघतो का ते पाहू नका. पिळल्यावर थोडं पाणी किंवा दुधासारखं निघणं पुष्कळ जणींत असतं. आपोआप, एकाच बाजूने, एकाच छिद्रातून रक्ताळ किंवा पाण्यासारखा स्राव कपड्याला लागत असेल तर तो दाखवायचा.

आरोग्यसेविकेचा हात

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून टाटा मेमोरियलने केलेला एक अभ्यास जगभर सांगितला जातो. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायका त्यात होत्या. अर्ध्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी केली, अशा चार फेऱ्या झाल्या. उरलेल्या वस्त्यांत फक्त माहिती दिली. वीस वर्षांनी, २०२१ मध्ये निष्कर्ष आले. तपासलेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडलेल्या रुग्ण ३७ टक्के होत्या, दुसऱ्या गटात ४७ टक्के. पन्नाशी आणि त्यापुढच्या बायकांत या आजाराने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत तसा फरक सिद्ध झाला नाही, हेही सांगायला हवं.

यातून घ्यायचं ते असं, की या तपासणीला महागडं यंत्र लागत नाही आणि ती करणारी व्यक्ती डॉक्टरच असावी असंही नाही. शिकलेला हात आणि पुरेसा वेळ लागतो. ही तपासणी पालिकेच्या हेल्थ पोस्टवर, पालिकेच्याच "आपला दवाखाना" केंद्रात किंवा जवळच्या प्रसूतिगृहाच्या ओपीडीत विचारून मोफत करून घेता येते. तोंडाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणीही याच कार्यक्रमात आहे, तीही विचारून घ्या. घरी येणाऱ्या आशाताईंना विचारलंत तर त्या दिवस आणि वेळ सांगतात. संशय आला तर पुढे केईएम, सायन, नायर, कूपर, जेजे, कामा अशा मोठ्या रुग्णालयांत चिठ्ठी देऊन पाठवतात. ती चिठ्ठी मिळाली की त्याच आठवड्यात जायचं.

स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जात असाल तर मोकळेपणाने म्हणा, "डॉक्टर, स्तनही तपासाल का?" पुष्कळदा ते संकोचाने किंवा गर्दीमुळे राहूनच जातं. तपासणी बसून आणि झोपून अशा दोन्ही स्थितींत, काखेसह व्हायला हवी. कपड्यावरून पाव मिनिट हात फिरवला तर ती तपासणी झाली नाही.

मॅमोग्राफीचा दिवस

फोन करून वेळ घेताना तीन गोष्टी विचारा: यंत्र डिजिटल आहे का, काढणारी तंत्रज्ञ बाई आहे का, आणि गरज पडली तर त्याच दिवशी सोनोग्राफी होईल का. खाजगी सेंटरवर साधारण दीड ते साडेतीन हजार रुपये लागतात. सरकारी आणि पालिका रुग्णालयांत पैसे फार कमी, रांग मोठी. पाळी चालू असेल तर इथेही पहिल्या दिवसापासून सात ते दहा दिवसांतली तारीख घ्या. स्तन कमी दुखरे असतात आणि दाबणं सोसतं.

त्या दिवशी काखेत किंवा छातीवर पावडर, डिओ, क्रीम काहीही लावू नका. मुंबईच्या घामात लोकलने जायचं म्हणजे हे अवघड जातं, पण त्यातले बारीक कण फोटोत पांढऱ्या ठिपक्यांसारखे उमटतात. कर्करोगाची पहिली खूण असलेले चुन्याचे कणही तसेच दिसतात, मग पुन्हा फोटो काढावा लागतो. डिओ पर्समध्ये ठेवा आणि नंतर लावा. कमरेपर्यंतचे कपडे काढावे लागतात, म्हणून सलवार-कुर्ता किंवा साडी बरी. मंगळसूत्र आणि गळ्यातलं सगळं उतरवावं लागतं. ऐनवेळी ते काढताना बऱ्याच जणी बिचकतात, म्हणून आधीच सांगून ठेवतो. जुनी मॅमोग्राफी झालेली असेल तर तिची फिल्म किंवा सीडी नक्की न्या. नुसता कागदी रिपोर्ट पुरत नाही. दोन वर्षांपूर्वी असलेला डाग आजही तेवढाच आहे हे जुन्या फोटोवरूनच कळतं, आणि त्यावरून एखादी बायोप्सी टळते.

यंत्राच्या दोन पट्ट्यांमध्ये स्तन काही सेकंद दाबून धरतात. प्रत्येक बाजूचे दोन, असे चार फोटो. सगळं मिळून वीस मिनिटं. दाब लागतो, काहींना दुखतंही, पण दाबल्याशिवाय आतले थर वेगळे होत नाहीत आणि किरणंही जास्त लागतात. असह्य झालं तर सांगा, तंत्रज्ञ थांबते. किरणांची भीती बाळगू नका. साध्या मॅमोग्राफीची मात्रा सुमारे ०.४ मिलिसिव्हर्ट असते, निसर्गातून काही आठवड्यांत आपल्याला आपोआप मिळते तेवढी. गरोदर असण्याची शक्यता असेल, अंगावर पाजत असाल किंवा स्तनात इम्प्लांट असतील तर आधी सांगायचं.

रिपोर्टमधला आकडा

रिपोर्टच्या शेवटी "बायरॅड्स" असं लिहून पुढे ० ते ६ यांतला आकडा असतो. बाकी सगळं सोडून आधी तो शोधा.

० म्हणजे माहिती अपुरी. आणखी फोटो, सोनोग्राफी किंवा जुन्या फिल्म हव्यात. यात घाबरण्यासारखं काही नाही. अमेरिकेत १०० पैकी साधारण १० जणींना असं पुन्हा बोलावतात आणि त्यातल्या बहुतेकींना काहीही निघत नाही. मात्र अर्धवट सोडायचं नाही. १ आणि २ म्हणजे ठीक, पुढच्या तारखेला या. ३ म्हणजे बहुधा निरुपद्रवी, कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांहून कमी, सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं. सगळ्यात जास्त गळती इथेच होते. सहा महिने उलटतात आणि आठवणच राहत नाही, म्हणून रिपोर्ट हातात पडताच ती तारीख फोनमध्ये टाका. ४ म्हणजे बायोप्सी हवी. यात ए, बी, सी असे पोटभाग असतात आणि शक्यता २ टक्क्यांपासून ९५ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकते. म्हणजे ४ आलेल्या बऱ्याच जणींची गाठ साधी निघते, तरी बायोप्सी टाळता येत नाही. ५ म्हणजे शक्यता ९५ टक्क्यांच्या वर. ६ म्हणजे बायोप्सीने आधीच सिद्ध झालेलं.

घनतेचंही एक अक्षर असतं, ए ते डी. सी किंवा डी, म्हणजे ग्रंथींचा भाग जास्त, असेल तर डॉक्टरांना विचारून सोबत सोनोग्राफी करून घेणं शहाणपणाचं.

आणि हे मनात पक्कं असू द्या: मॅमोग्राफीत दर आठ कर्करोगांपैकी साधारण एक निसटतो. हाताला गाठ लागते आहे आणि रिपोर्ट "नॉर्मल" आहे, तर गाठीचाच तपास पुढे न्यायचा. सोनोग्राफी, आणि लागली तर बायोप्सी.

गाठ लागली, आता काय

दहापैकी आठ-नऊ गाठी कर्करोगाच्या नसतात. पाण्याची गाठ असते, तरुण मुलींमध्ये ग्रंथींची निरुपद्रवी गाठ, म्हणजे फायब्रोअ‍ॅडिनोमा असतो. पण कोणती गाठ कोणती, हे हाताने कुणालाच खात्रीने सांगता येत नाही, अनुभवी सर्जनलासुद्धा नाही. म्हणून तीन गोष्टी झाल्याशिवाय विषय मिटत नाही: डॉक्टरांच्या हाताची तपासणी, फोटो आणि संशय असेल तर सुईने काढलेला तुकडा.

पहिल्या आठवड्यात जनरल सर्जन किंवा ब्रेस्ट सर्जनला दाखवा. वय ३० च्या आत असेल, गरोदर असाल किंवा पाजत असाल तर आधी सोनोग्राफी होते. चाळिशीनंतर मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी दोन्ही. मधल्या वयात सोनोग्राफीने सुरुवात करून गरजेप्रमाणे पुढे. संशय उरला तर कोअर बायोप्सी. जागा बधिर करून, सोनोग्राफीत बघत जाड सुईने तीन-चार बारीक तुकडे काढतात. भरती व्हावं लागत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. नंतर दहा मिनिटं दाबून धरायचं, काळंनिळं पडलं तर दोन आठवड्यांत जातं.

"सुई लावली की कॅन्सर पसरतो" या समजुतीने किती जणींचा वेळ घालवला त्याला गणती नाही. सुईने आजार पसरत नाही. नुकसान होतं ते उलट्या क्रमामुळे: छोट्या नर्सिंग होममध्ये "साधीच दिसतेय" म्हणून गाठ कापून काढतात, कडा मोजल्या जात नाहीत, तुकडा तपासायला पाठवतच नाहीत, आणि सहा महिन्यांनी तिथेच पुन्हा गाठ येते. मग आधीची गाठ काय होती, कुठवर होती, हे कुणालाच कळत नाही. म्हणून सर्जनला आधीच सांगा, "गाठ काढण्याआधी सुईने बायोप्सी करून घेऊ." आणि शरीरातून काढलेली प्रत्येक गोष्ट तपासणीला गेलीच पाहिजे, याबद्दल आग्रह धरा. पातळ सुईची तपासणी, म्हणजे एफएनएसी, स्वस्त आहे, पण तिच्यात फक्त पेशी येतात. उपचार ठरवायला लागणाऱ्या ईआर, पीआर (संप्रेरकांना गाठ प्रतिसाद देते का ते पाहणाऱ्या) आणि हर-टू (एका प्रथिनाची) या चाचण्या कोअर बायोप्सीच्या तुकड्यावर नीट होतात.

पहिल्या दवाखान्यात आणखी दोन ठिकाणी वेळ जातो. एक, व्हिटॅमिनच्या गोळ्या देऊन "तीन महिन्यांनी या". दुसरं, पाजणाऱ्या आईची गाठ "दुधाची" म्हणून सोडून देणं. स्तन लाल, गरम, सुजलेला असेल तर अँटिबायोटिक देणं बरोबर आहे, पण ७ ते १० दिवसांत पूर्ण उतरलं नाही तर दुसरा कोर्स न घेता सोनोग्राफी आणि बायोप्सीकडे वळायचं. कर्करोगाचा एक आक्रमक प्रकार नेमका असाच, गाठ न लागता लालसर सूज घेऊन येतो. जागतिक आरोग्य संघटनेचं उद्दिष्ट आहे की पहिल्यांदा दाखवल्यापासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हावं. मुंबईत ते तीन आठवड्यांत व्हायला काहीच हरकत नाही.

पुरुषांनाही हा आजार होतो, एकूण रुग्णांच्या १ टक्क्याहून कमी. निपलमागची कडक गाठ त्यांनीही दाखवावी.

शिबिरं आणि पॅकेजं

ऑक्टोबरमध्ये सोसायटीत, ऑफिसात शिबिरं लागतात. चांगली गोष्ट आहे, पण आयोजकांना एवढं विचारा: संशय आला तर पुढे कुठे पाठवणार, आणि नंतर फोन कोण करणार? याचं उत्तर नसेल तर शिबिराचा फायदा निम्मा. "हात न लावता, किरणांशिवाय" असं सांगून तापमान मोजणाऱ्या कॅमेऱ्याने केलेली तपासणी मॅमोग्राफीची जागा घेऊ शकत नाही. फुल बॉडी चेकअपमधली सीए १५-३ ही रक्ततपासणीही निदानासाठी नसते. लवकरच्या आजारात ती बहुधा नॉर्मलच येते आणि खोटा धीर देते.

आईला, सासूबाईंना कसं न्यायचं

"तपासून घे गं आई" एवढ्याने काही होत नाही, "मला काय धाड भरलीये" हे उत्तर तयार असतं. तारीख ठरवून, वेळ घेऊन, मगच सांगा: "आई, बुधवारी अकराची वेळ घेतलीये, बाई डॉक्टर आहेत, मी पण करून घेणार आहे." सासूबाई असतील तर "आई, तुम्ही सोबत असलात तर मला धीर येईल" हे जास्त चालतं. दोघींची एकाच दिवशी झाली की संकोच निम्मा होतो. साठी उलटलेल्या बायकांना वाटतं की आता या वयात काय करायचंय. वय वाढतं तसा धोका वाढतो, हे त्यांना सरळ सांगा. घरी कामाला येणाऱ्या मावशींना एक दिवसाची भरपगारी सुट्टी देऊन हेल्थ पोस्टवर पाठवा. त्यांचा खाडा पगारात कापला जातो, म्हणूनच त्या जात नाहीत. नवऱ्यांनी एवढं करावं: त्या दिवशी डबा आणि मुलांची शाळा स्वतः सांभाळावी आणि "काही नसेल गं" हे वाक्य रिपोर्ट येईपर्यंत बोलू नये.

कागद आणि पैसे

एक प्लॅस्टिकची फाइल करा, तारखेप्रमाणे सगळं त्यात. मॅमोग्राफीची सीडी, प्रत्येक रिपोर्ट, जुन्या चिठ्ठ्या. जुन्या करप्रणालीत असाल तर प्रतिबंधात्मक तपासणीच्या ५ हजार रुपयांपर्यंतच्या खर्चाला आयकरात वजावट मिळते, म्हणून पावतीही ठेवा. मेडिक्लेममध्ये वर्षाला किंवा काही वर्षांनी मोफत तपासणी असते का, हे एजंटला विचारा. बऱ्याच पॉलिसींत असते आणि कुणी वापरत नाही.

बायोप्सी झाली असेल तर लॅबकडून रिपोर्टसोबत मेणाचा ब्लॉक (ज्यात काढलेला तुकडा जपलेला असतो) आणि काचेच्या स्लाइड मागून घ्या. टाटासारख्या मोठ्या रुग्णालयात गेल्यावर त्या पुन्हा तपासतात. ब्लॉक नसेल तर पुन्हा सुई टोचून घ्यावी लागू शकते. ब्लॉक उन्हात किंवा गॅसजवळ ठेवू नका, मेण वितळतं.

उपचारांची वेळ आलीच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे आणि कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन त्यात येतात. योजनेतल्या रुग्णालयात दारातच आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं, टेबल असतं. त्याच्याकडे जाताना रेशनकार्ड, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट न्या, आणि तिन्हींवर नाव एकाच तऱ्हेने लिहिलेलं आहे ना ते घरीच बघून घ्या. माहेरचं आडनाव एका कागदावर आणि सासरचं दुसऱ्यावर असेल तर मंजुरी अडकते. लग्नाचं प्रमाणपत्र किंवा गॅझेटची प्रत जोडली की बहुधा काम होतं. ही अडचण टाळायची तर बायोप्सीला जायच्या दिवशीच नाव आधारवर आहे तसं लिहून द्या.